पहाटेच्या गारठ्यात भरवशाचे ब्रेक: घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक कारसाठी

जुनी झेन, अल्टो किंवा सँट्रो घ्यायची, पेट्रोल इंजिन उतरवायचं आणि त्या जागी मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी बसवायची, हे काम बेळगावात करायला माणसं मिळतात. उद्यमबाग आणि मच्छे भागात लेथवाले आहेत, फाउंड्रीवाले आहेत, हायड्रॉलिकची कामं करणारे आहेत. मोटर आणि गिअरबॉक्स जोडणारी प्लेट कापून, भोकं पाडून हातात येते. गाडी रस्त्यावर येते तेव्हा सगळं लक्ष किती किलोमीटर चालते याकडे असतं. ब्रेकला कुणी हात लावलेला नसतो. तेच पेडल, तोच मास्टर सिलिंडर, तेच लायनर. म्हणून ब्रेक पहिल्यासारखेच आहेत असं मालक धरून चालतो.

खरं तर इंजिन उतरवताना ब्रेकचा एक महत्त्वाचा भाग इंजिनाबरोबर निघून गेलेला असतो, आणि त्याची उणीव थंडीत सगळ्यात आधी दिसते. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात पारा कधीकधी १० अंशांच्या आसपास येतो, खानापूर-जांबोटीकडे धुकं आणि दव दोन्ही भरपूर. आपल्याकडे बर्फ होत नाही, त्यामुळे थंडीचा आणि ब्रेकचा काय संबंध असं वाटतं. संबंध आहे. गारठा चांगला ब्रेक बिघडवत नाही, पण जी व्यवस्था दुपारच्या उन्हात कशीबशी चालते तिचं पितळ पहाटे सहाला उघडं पाडतो. म्हणून या लेखातली प्रत्येक तपासणी पहाटे, गाडी रात्रभर बाहेर उभी राहिल्यावर करायची आहे. दुपारी गॅरेजमध्ये घेतलेली चाचणी मी मोजतच नाही.

गेलं ते काय

पेट्रोल इंजिन हवा ओढतं तेव्हा त्याच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो. त्या निर्वातावर ब्रेक बूस्टर चालतो, म्हणजे पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये बसवलेला तो मोठा गोल डबा. डब्यात एक पडदा असतो. पेडल दाबलं की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते, दुसऱ्या बाजूला निर्वात असतो, आणि हवेचा दाब तुमच्या पायाला मदत करतो. इंजिन आयडलिंगला समुद्रसपाटीवर साधारण ४५० ते ५५० मिलिमीटर पाऱ्याइतका निर्वात देतं आणि बूस्टर त्याच हिशेबाने बनवलेला असतो.

इंजिन गेलं की हा निर्वात विजेच्या पंपाने तयार करावा लागतो. पंप, साठवणीची टाकी, हवा एकाच दिशेने जाऊ देणारे दोन चेक व्हॉल्व्ह, निर्वात मोजून पंप चालू-बंद करणारा स्विच, रिले, फ्यूज आणि या सगळ्यांना वीज देणारी १२ व्होल्टची बॅटरी: पूर्वी इंजिन फुकट करत होतं त्या कामाला आता एवढी माणसं लागतात. यातलं कुणीही पहाटे उशिरा उठलं की पेडल दगडासारखं होतं. ब्रेक लागतो, पण त्यासाठी कित्येक पट जास्त जोर लावावा लागतो, आणि घरातलं सगळ्यात हलकं माणूस गाडी चालवत असेल तर तेवढा जोर त्याच्या पायात नसतो.

पेडल दोन प्रकारे बिघडतं, हे आधी वेगळं करून घ्या. पेडल कडक झालं तर दोष निर्वाताच्या बाजूला. पेडल मऊ झालं, खोल गेलं, तर दोष ब्रेक ऑइलच्या बाजूला: हवा शिरली, गळती आहे, मास्टर सिलिंडरचं रबर गेलं किंवा मागच्या ड्रमचं ॲडजस्टमेंट सुटलं. थंडीची तक्रार बहुतेक वेळा पहिल्या प्रकारची असते. दुसऱ्या प्रकारची असेल तर गाडी त्याच जागी उभी ठेवा आणि आधी ते दुरुस्त करा.

पंप कोणता असावा

मोटारगाडीसाठी बनवलेला १२ व्होल्टचा व्हॅक्यूम पंपच घ्या. हेलासारख्या कंपन्यांचे पंखीवाले पंप परदेशी गाड्यांमध्ये मूळचेच येतात आणि सुट्या भागांच्या बाजारात मिळतात. जुगाड म्हणून फ्रिजचा काँप्रेसर लावलेल्या गाड्या दिसतात. त्याला इन्व्हर्टर लागतो, हवा ओढण्याचा वेग कमी, आत तेल, आणि थंड तेलात अर्धवट निर्वाताविरुद्ध तो सुरू व्हायला कुरकुर करतो. डिझेल गाडीच्या अल्टरनेटरमागचा पंप वेगळ्या मोटरने फिरवण्याची कल्पनाही लोकांना सुचते, पण त्याला इंजिन ऑइलचा सतत पुरवठा लागतो. दोन्ही टाळा. ब्रेकच्या बाबतीत मी जुगाडाला अजिबात जागा देत नाही.

पंखीवाल्या कोरड्या पंपात कार्बनच्या पट्ट्या खाचांमधून आत-बाहेर सरकतात. त्यांची झिजलेली काळी पूड आणि दमट हवेतलं पाणी एकत्र आलं की चिकट लगदा होतो, आणि रात्रभर थंड राहिलेल्या पंपात एखादी पट्टी खाचेतच अडकते. मग मोटर फिरण्याचा आवाज नेहमीचा येतो पण निर्वात दाखवणाऱ्या गेजचा काटा हलत नाही. डायफ्रामच्या पंपात थंडीने रबर कडक होतं, झडपा नीट बसत नाहीत, आणि निर्वात सावकाश वाढतो. बेअरिंगमधलं ग्रीसही घट्ट होतं, त्यामुळे सुरू होताना करंट जास्त खेचला जातो.

पंप बोनेटखाली उंच बसवा, रबरी माउंटिंगवर, हवा बाहेर पडण्याचं तोंड खाली करून. खानापूर-कणकुंबीच्या पावसात चाकांनी उडवलेलं पाणी कुठे पोचतं हे एकदा पाहिलं की बंपरमागची मोकळी जागा पंपासाठी का वाईट ते कळतं. पावसाळ्यात शिरलेलं पाणी आणि गंज डिसेंबरच्या पहाटे त्रास देतात; दोष थंडीवर जातो, मूळ जुलैत असतं.

टाकी आणि नळ्या

दर वेळी ब्रेक दाबला की बूस्टरमध्ये गाडीच्या आतली हवा शिरते. ती हवा दमट असते, थंडीत काचा बंद करून चार माणसं बसली असतील तर फारच. पंप ती हवा टाकीतून ओढतो आणि थंड भिंतींवर पाणी जमतं. म्हणून टाकी स्टेनलेसची करा. साधारण १०० मिलिमीटर आतल्या व्यासाचा आणि ३०० मिलिमीटर लांबीचा पाईप दोन्ही बाजूंनी बंद करून वेल्ड केला की सव्वादोन लिटरच्या पुढे जागा मिळते, आणि छोट्या गाडीला ती पुरते. साध्या लोखंडाची टाकी आतून गंजते आणि गंजाचे कण थेट पंपात जातात. पीव्हीसी पाईपची टाकी स्वस्त पडते, पण थंडीत पीव्हीसी ठिसूळ होतं आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी जोडाशी तडकतं.

टाकी उभी बसवा. बूस्टर आणि पंपाकडे जाणारे दोन्ही नळ वरच्या टोकाला, आणि अगदी तळाशी पाणी काढायचा छोटा कॉक. थंडीत दर आठवड्याला पाणी काढा. आधी पंप बंद करून पेडल सात-आठ वेळा दाबा म्हणजे निर्वात संपेल. नाहीतर कॉक उघडताच टाकी बाहेरची धूळ आत ओढून घेईल.

नळी व्हॅक्यूमसाठीचीच, आत दोऱ्याची जाळी असलेली, जाड रबराची. पारदर्शक प्लास्टिकची नळी नको. उन्हात ती चपटी होते, थंडीत कडक होऊन निपलवरून सैल होते, आणि ती गळती दुपारी सापडत नाही. नळीला कुठेही खोलगट झोळ राहू देऊ नका, कारण पाणी तिथेच साचतं; चढ सतत टाकीकडून पंपाकडे असावा. बूस्टरचा मूळ चेक व्हॉल्व्ह तसाच ठेवा, आणि टाकी व पंप यांच्यामध्ये दुसरा बसवा. पंप बंद असताना हवा पंपातून उलटी शिरू नये, एवढंच त्याचं काम. पंपाच्या तोंडाशी एक बारीक फिल्टरही लावा.

गळती शोधताना साबणाचं पाणी चालत नाही, कारण इथे हवा आत जाते आणि फुगे येत नाहीत. त्यापेक्षा भाग वेगळे करत चला. काटा ५०० मिलिमीटरवर आणा, पंप बंद करा, टाकी ते बूस्टर नळी चिमट्याने दाबून बंद करा. आता काटा स्थिर राहिला तर गळती बूस्टरच्या बाजूला. उतरत राहिला तर टाकी, चेक व्हॉल्व्ह किंवा स्विचच्या जोडात. माझं माप असं: सगळं जोडलेलं असताना एका मिनिटात २५ मिलिमीटरपेक्षा जास्त उतार नको. बूस्टरमध्ये दाबाची हवा भरून चाचणी मात्र कधीही करू नका, आतला पडदा फाटतो.

उंचीचा हिशेब

ही गोष्ट मुंबई किंवा पणजीतल्या माणसाच्या लक्षात येत नाही, आपल्याला मात्र भोवते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. समुद्राकाठी हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा, आपल्याकडे सुमारे ६९५. गेज हा फरक दाखवत नाही, कारण तो नेहमी भोवतालच्या हवेच्या तुलनेतच वाचतो.

समजा तुमचा पंप आत १५० मिलिमीटर इतकीच हवा शिल्लक ठेवू शकतो. गोव्यात तो गेजवर ६१० दाखवेल. बेळगावात तोच पंप ५४५ वर थांबेल. परदेशी किटसोबत येणारे काही स्विच ५५० ते ५६० वर पंप बंद करतात. तो आकडा इथे कधी येणारच नाही, म्हणून पंप किल्ली फिरवल्यापासून घरी पोचेपर्यंत अखंड चालत राहतो, तापतो, पट्ट्या झिजवतो, आणि मग एका थंड पहाटे मरतो. लोक म्हणतात पंपच खराब निघाला.

स्विच असा लावा. पहाटे, थंड गाडीत, पंप सरळ बॅटरीवर चालवा आणि काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवा. पंप बंद होण्याचा आकडा त्याच्या निदान ४०-५० मिलिमीटर खाली असू द्या. बेळगावात ५०० ला बंद आणि ४०० ला चालू हे छोट्या गाडीसाठी ठीक बसतं. दोन आकड्यांमधलं अंतर फार कमी ठेवलं तर पंप सारखा चालू-बंद होऊन रिलेचे पॉइंट जळतात. चोर्ला घाटातून गोव्यातल्या साखळीला उतरलात तरी ही सेटिंग बदलावी लागत नाही; खाली पंपाला काम उलट सोपं होतं.

याशिवाय दुसरा, वेगळा स्विच ३०० मिलिमीटरवर: त्याने फक्त बजर वाजवायचा आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लावायचा. त्याचा फ्यूज वेगळा, वायर वेगळी. पंप चालवणारा स्विचच बजरही वाजवत असेल तर तो स्विच मेल्यावर बजरही मरेल. एवढी एक गोष्ट या लेखातून उचलली तरी मला समाधान आहे.

१२ व्होल्टची बाजू

बरेच जण डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट काढून देणारा डबा, बसवला की १२ व्होल्टची बॅटरी काढून टाकतात किंवा स्कूटरची छोटी लावतात. तसं करू नका. मोठ्या बॅटरीच्या बीएमएसने (सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटने) कुठल्याही कारणाने मुख्य काँटॅक्टर, म्हणजे बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, उघडला तर कन्व्हर्टर बंद पडतो. त्या क्षणी पंप, हेडलाइट, ब्रेकलाइट आणि वायपर फक्त १२ व्होल्टच्या बॅटरीवर असतात. लेड-ॲसिड बॅटरी थंडीत कमी देते, आणि तीन-चार वर्षं जुनी असेल तर हा फरक ठळक जाणवतो.

पहाटे कन्व्हर्टर बंद ठेवून हेडलाइट लावा, पेडल मारत राहा म्हणजे पंप चालू राहील, आणि पाच मिनिटांनी बॅटरीच्या टोकांवर मीटर धरा. साडेअकरा व्होल्टच्या खाली गेलं तर बॅटरी बदला. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं पंपाच्या प्लसवर धरून पंप चालू असताना पाहा. तसंच मायनसच्या बाजूनेही करा. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायर बारीक आहे, लग गंजला आहे किंवा बॉडीची अर्थ खराब आहे. पंपाला बॉडीवर भरवसा न ठेवता बॅटरीपर्यंत स्वतंत्र मायनस द्या. फ्यूज पंपाच्या प्लेटवरचा आकडा पाहून निवडा. सुरू होताना करंट चालू करंटच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे अगदी काठावरचा फ्यूज थंडीत उडतो.

निर्वाताच्या स्विचमधून पंपाचा करंट नेऊ नका, त्याने फक्त रिलेची कॉइल सांभाळावी. वायरिंग असं करा की स्विचची वायर तुटली किंवा कनेक्टर निघाला तर पंप चालूच राहील. यासाठी रिलेचा नेहमी जोडलेला राहणारा पॉइंट वापरा: निर्वात पुरेसा झाला की स्विच कॉइलला वीज देऊन पंप तोडतो. पंप अखंड चालल्याचा आवाज कानावर येतो आणि माणूस तपासायला उतरतो. पंप गप्प राहिला तर ते कुणाच्याच लक्षात येत नाही.

मोटरचा ब्रेक आणि थंड बॅटरी

ॲक्सिलरेटर सोडला की मोटर जनरेटर होते आणि गाडी हळू होते. या सवयीवर विसंबून राहणं थंडीत धोक्याचं आहे. कारण रिजनरेशन म्हणजे बॅटरी चार्ज करणं, आणि थंड लिथियम सेलला चार्ज आवडत नाही. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल शून्य अंशाखाली चार्ज करायचेच नसतात, आणि शून्याच्या वर पण गार असताना उत्पादक कमी करंटची मर्यादा घालतात. बेळगावच्या पहाटे बॅटरी १२-१३ अंशांवर असते. त्यात रात्रभर चार्जिंगला लावून ती पूर्ण भरलेली असेल, तर ब्रेकची वीज घ्यायला तिच्यात जागाच नसते. काल संध्याकाळी हिंडलग्याच्या उतारावर जी गाडी पाय उचलताच सावरत होती, ती आज सकाळी तशीच घरंगळत जाते.

कंट्रोलरमध्ये दोन गोष्टी करून घ्या. सेलचं तापमान कमी असताना आणि व्होल्टेज वर असताना रिजन हळूहळू कमी व्हावं, एकदम तुटू नये. बीएमएसने ओव्हरव्होल्टेजला थेट काँटॅक्टर उघडणं हा शेवटचा उपाय असावा. आणि रिजन जोरात लागलं की ब्रेकलाइट लागलाच पाहिजे. पेडलला पाय न लावता गाडी हळू होते, मागचा दिवा अंधारा राहतो, आणि धुक्यात मागून येणाऱ्याला ते कळत नाही. सीझनमध्ये पहाटे उसाच्या ट्रॉल्यांमागे सगळेच हळू चालतात. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या माणसाला हे सांगायला नको. ट्रॉलीला मागे दिवा नसतो म्हणून आपण चिडतो, तेव्हा आपला दिवा लागतो की नाही हेही बघायला हवं.

कारखान्याच्या रस्त्यावर ओला चिखल आणि उसाचं पाचट पडलेलं असतं, वर दव. अशा ठिकाणी जोरदार रिजन फक्त मोटरच्या ॲक्सलवरच लागतं आणि ती चाकं घसरतात. थंडीत रिजन सौम्य ठेवा आणि पाय ब्रेकवर ठेवायची सवय ठेवा.

चोर्ला घाटाचा हिशेब एकदा कागदावर करून पाहा. माणसांसह १,००० किलोची गाडी ७०० मीटर उतरली की जवळपास १.९ युनिट ऊर्जा कुठेतरी जायला हवी. काही टायर आणि वारा खातो, उरलेली एकतर बॅटरीत जाईल किंवा डिस्क-ड्रमच्या उष्णतेत. १५ युनिटची बॅटरी असेल तर निघताना ती ८५ टक्क्यांवरच थांबवा. जांबोटी-कणकुंबीपर्यंत जाता जाता ती गरम होते आणि आणखी थोडी रिकामीही होते. गिअरबॉक्स ठेवलेला असेल तर उताराला खालचा गिअर घ्या, पण मोटरचे आरपीएम कमाल मर्यादेच्या आत आहेत ना यावर नजर ठेवा. हेच वंटमुरी आणि तवंदीच्या घाटालाही लागू आहे, फक्त तिथे उतार लहान आणि मागे ट्रक मोठे.

डिस्क, ड्रम आणि ब्रेक ऑइल

रिजनमुळे पॅड कमी झिजतात, याचं लोक कौतुक करतात. त्याची दुसरी बाजू म्हणजे डिस्क घासलीच जात नाही. दवाने रात्रीत गंजाचा थर येतो, तो रोज पुसला गेला तर काही बिघडत नाही, महिनाभर राहिला तर डिस्कला खड्डे पडतात आणि कॅलिपरच्या पिना जाम होतात. म्हणून रोज पहिल्या किलोमीटरला रिजन बंद ठेवा, मागे कुणी नाही असं पाहून ४०च्या वेगावरून पाच-सहा वेळा नेमका ब्रेक मारा. पहिल्या वेळी खरखर होईल, शेवटच्या वेळी आवाज गेला पाहिजे. नाही गेला, किंवा गाडी एका बाजूला ओढली, तर चाक उघडा.

पावसाळा संपला की, दसरा-दिवाळीच्या दरम्यान, चारही चाकं उघडून साफ करा. खानापूरकडची तांबडी माती ड्रममध्ये बसते आणि दमट हवेत घट्ट होते. कॅलिपरच्या पिना पुसून त्यांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस, डिझेल, रॉकेल ब्रेकच्या रबराजवळ नेऊ नका. त्याने रबर फुगतं. हँडब्रेकची केबल ओढून सोडा आणि जॅकवर मागचं चाक मोकळं फिरतं का पाहा. पावसाचं पाणी शिरलेली केबल थंडीत अडकते आणि लायनर ड्रमला हलका चिकटून राहतो. मालकाला फक्त रेंज कमी झाल्यासारखं वाटतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना निदान २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४० च्या आसपास. डॉट ४ चा २३० आणि १५५. बेळगावच्या थंडीत ऑइल घट्ट होण्याची चिंता नको. चिंता आहे ती भर पावसाळा झेललेलं ऑइल डिसेंबरमध्ये घाटात उकळण्याची, तेही थंड बॅटरीने रिजन नाकारल्यावर. ब्रेक ऑइलच्या टाकीवर जे लिहिलंय तेच वापरा. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, पण सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळायचं नाही. मी आपल्या भागात दरवर्षी दिवाळीला ऑइल बदलायला सांगतो. हवा काढण्याचा क्रम गाडीच्या पुस्तकाप्रमाणे, कारण तिरक्या जोडणीच्या गाड्यांत (एका बाजूचं पुढचं चाक दुसऱ्या बाजूच्या मागच्या चाकाशी जोडलेलं) तो वेगळा असतो.

वजनाकडेही बघा. बॅटऱ्या डिकीत भरल्या की मागचा ॲक्सल जड होतो आणि ब्रेकची मूळ वाटणी बिघडते. साखर कारखान्यांच्या भागात वजनकाट्याला तोटा नाही. आधी पुढची चाकं, मग मागची काट्यावर घ्या आणि गाडीच्या प्लेटवरच्या कमाल वजनाशी ताडून पाहा. मागे एलएसपीव्ही (वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह) असलेल्या गाडीत त्याची दांडी सरकली आहे का तेही तपासा. इंजिन बदलून मोटर लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालचा बदल आहे. किट एआयएस-१२३ या वाहन मानकाप्रमाणे मंजूर असावं आणि आरसी बुकात आरटीओची नोंद व्हावी. विम्याचा प्रश्न ब्रेक न लागल्यानंतरच उभा राहतो, म्हणून ही नोंद आधी करून घ्या.

रोज सकाळी दोन मिनिटं

किल्ली फिरवण्याआधी पेडल सात-आठ वेळा दाबा, कडक होईपर्यंत. बजरच्या वायरिंगची ही रोजची परीक्षा आहे, किल्ली फिरताच तो वाजलाच पाहिजे. पाय दाबूनच ठेवा आणि किल्ली फिरवा. निर्वात वाढेल तसं पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं पाहिजे. सरकलं नाही तर बूस्टरला निर्वात पोचत नाही. काटा शून्यावरून ५०० ला यायला किती सेकंद लागतात ते मोजा. हाच आकडा तुलनेसाठी एकदा दुपारी मोजून ठेवलेला असू द्या. पहाटेचा वेळ दुपारच्या दीडपटीहून जास्त झाला की पंप, फिल्टर किंवा बॅटरी यांपैकी काहीतरी सांगू पाहतंय. पंप थांबल्यावर किल्ली बंद करून पुरे तीन वेळा पेडल दाबा; तिसऱ्या दाबालाही पायाला मदत मिळाली पाहिजे.

कुणी हीच गाडी हिमाचलात किंवा लडाखात नेणार असेल, तर एक गोष्ट वेगळी पडते: तिथे टाकीतलं आणि नळीतलं पाणी गोठतं. बर्फाचा खडा चेक व्हॉल्व्हमध्ये अडकला की बूस्टर मेला. निघण्यापूर्वी टाकी पूर्ण कोरडी करा, रोज रात्री कॉक उघडून पाणी काढा, आणि हँडब्रेक ओढण्याऐवजी गिअर घालून चाकाला अडण लावा, कारण ओला लायनर ड्रमला गोठून चिकटतो. घरी बनवलेल्या गाडीसाठी तो प्रवास मी तरी सुचवणार नाही.

घाटात बजर वाजला तर

पेडल मारत बसू नका. प्रत्येक दाबाला टाकीतला उरलेला निर्वात कमी होतो. एकदाच, ठाम, पुरा दाबून धरा. खालचा गिअर घ्या, रिजन पूर्ण द्या. तेवढ्याने भागलं नाही तर हँडब्रेकचं बटण दाबूनच ठेवून दांडी थोडी थोडी ओढा; बटण सोडलं तर मागची चाकं अडकतील. हॅझार्ड दिवे लावा, डाव्या कडेला डोंगराच्या बाजूची जागा पाहून थांबा, उताराच्या बाजूने चाकाला दगड लावा. निर्वात संपला तरी ब्रेक असतो, फक्त दोन्ही पायांचा जोर लावावा लागतो, हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला मोकळ्या मैदानावर पंपाचा फ्यूज काढून एकदा करून दाखवा.

थांबल्यावर आधी फ्यूज बघा, मग रिले. डॅशबोर्डच्या कप्प्यात दोन्ही टोकांना क्लिप आणि मध्ये फ्यूज असलेली एक वायर कायम ठेवा. तिने पंप सरळ बॅटरीला जोडता येतो. काटा ५०० पर्यंत चढला आणि तिथे टिकला, तर चाकाला लावलेला दगड उचलून रस्त्याबाहेर टाका आणि कणकुंबीकडे चढत परत या, साखळीकडे उतरू नका. चढाला ब्रेकचं काम फारसं पडत नाही. काटा चढलाच नाही, तर गाडी तिथेच सोडून क्रेन बोलवा.